अंक रद्दीत का जात नाही? कागद, अक्षर, मुखपृष्ठ आणि बांधणीबद्दल

करवीरकर
नमस्कार मंडळी. मंगळवार पेठेतले आम्ही काही जण मिळून दर दिवाळीला एक अंक काढतो. लिहिणारी माणसं गावातली, जाहिराती ओळखीपाळखीच्या, प्रती हजाराच्या आत. मजकुराबद्दल लोक चांगलं बोलतात. तरीही संक्रांत यायच्या आत आमचा अंक रद्दीवाल्याच्या काट्यावर चढलेला दिसतो. आणि त्याच घरांत, माळ्यावर किंवा कपाटाच्या खालच्या कप्प्यात, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे 'दीपावली', 'किर्लोस्कर', 'ललित' कापडात बांधून ठेवलेले असतात. घर बदललं, वाटण्या झाल्या, तरी ते गठ्ठे सोबत गेलेत.

मासिक 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे हा प्रकार घरातलाच झालाय. म्हणून हा प्रश्न आपल्याच लोकांना विचारावा असं वाटलं.

माझं मत आधी सांगतो. अंक हातात घ्यायला लावणं सोपं असतं. झगझगीत कव्हर, चार मोठी नावं, झालं. पण तोच अंक वर्षानं पुन्हा उघडावासा वाटणं हे मांडणीचं खरं काम आहे, आणि आम्ही आजवर त्याचा विचारच न करता सगळे पैसे पहिल्या नजरेवर घातले. यंदा पैसे तेवढेच आहेत, वाटणी बदलायची आहे.

तुमच्या घरात एखादा अंक का टिकलाय ते सांगा. "छान होता म्हणून" एवढ्यावर थांबू नका. हातात घेऊन बघा आणि लिहा.

रेषाप्रेमी
मुखपृष्ठापासून सुरुवात करतो, कारण तिथंच सगळ्यात जास्त वाया जातं.

दीनानाथ दलालांचं 'दीपावली' १९४५ पासूनचं. आमच्याकडे त्यांतले काही आहेत. कव्हरवर एक चित्र, वर नाव, साल. बस. आत कोण कोण लिहितंय याची यादी नाही. चित्राला श्वास घ्यायला जागा आहे. रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं लोकांनी फ्रेम करून भिंतीला लावली. ज्या कव्हरवर आठ मथळे आणि तीन चौकटी आहेत ते कोण लावील?

आणि वसंत सरवटे. आपल्या कोल्हापुरात जन्मलेला माणूस (१९२७), शिक्षण आणि नोकरी स्थापत्य अभियंत्याची. 'ललित' १९६४ साली सुरू झालं, आणि त्याच्या दिवाळी अंकांच्या कव्हरवर सरवट्यांची अर्कचित्रं वर्षानुवर्षं येत राहिली. मराठीतले लेखक एकाच चित्रात जमवलेले, कुणी कोपऱ्यात, कुणी मागे पाठमोरा. आमचे वडील आणि त्यांचे मित्र एकेक चेहरा ओळखत बसायचे, वाद घालायचे. एका नजरेत संपत नाही असं ते कव्हर आहे. आजही काढलं की कुणीतरी नवा सापडतो. करवीरकर, तुम्ही जे 'पुन्हा उघडणं' म्हणताय ते इथं कव्हरवरच सुरू होतं.

बाहेरचं बघायचं तर 'न्यू यॉर्कर' हे अमेरिकन साप्ताहिक १९२५ पासून कव्हरवर मुख्यतः चित्र आणि नावच छापत आलंय, मथळे नाहीत. 'नॅशनल जिओग्राफिक'ची पिवळी चौकट १९१० पासूनची. चौकट बदलत नाही म्हणून आतलं छायाचित्र दर महिन्याला हवं तसं बदलता येतं. शिवाय कपाटात पिवळ्या कण्यांची रांग लागते आणि त्यातला एक काढून टाकायला हात धजत नाही.

तुम्ही कोल्हापुरात आहात हो. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर यांचं गाव. बाबूरावांनी मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. आजही कलानिकेतन, दळवीज या इथल्या चित्रकला शिकवणाऱ्या संस्थांमधून दर वर्षी हात असलेली मुलं बाहेर पडतात. इंटरनेटवरची आयती पणतीवाली बाई विकत घेण्यापेक्षा एका चित्रकाराला रंकाळ्यावर पाठवा, महिनाभराची मुदत द्या आणि योग्य मानधन द्या. आणि त्याच्या चित्रावर मजकूर चढवू नका, एवढं वचन त्याला आधीच द्या.

नावाची अक्षरंही एकदाच, नीट करून घ्या. कमल शेडग्यांनी केलेली नाटकांची शीर्षकं आठवा. अक्षर बघितलं की नाटक ओळखू यायचं. दर वर्षी नवा फॉन्ट घेतलात तर दर वर्षी अंक अनोळखी होतो.

गडहिंग्लजकर
माफ करा, पण मला हे पटत नाही. आमच्याकडे 'सत्यकथा'चे गठ्ठे आहेत. कसली सजावट? काळी अक्षरं, अधूनमधून एखादं रेखाचित्र. १९८२ ला मासिक बंद झालं, आजोबा गेले, आणि आम्ही अजून ठेवलेत. कारण त्यात कथा आहेत, कविता आहेत. मजकूर असेल तर माणूस वर्तमानपत्री कागदावरचंही जपतो. तुमचा अंक रद्दीत जात असेल तर आधी मजकुराकडे बघा. कडक बोललो असेन, पण चांगल्या मनानं बोलतोय.

खिळेजुळारी
गडहिंग्लजकर, मजकुराचं तुमचं बोलणं खरं आहे. पण 'सत्यकथा' साधी होती म्हणजे तिच्यावर काम झालं नव्हतं असं समजू नका. मी लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात उमेदीची वर्षं काढली. आमचे मास्तर नव्या पोराला 'सत्यकथा' छापणाऱ्या 'मौज'च्या छपाईचं पान दाखवायचे आणि विचारायचे, यात चूक काढ. सापडायची नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांची नजर त्या प्रत्येक ओळीवरून गेलेली असायची.

साधं पान सगळ्यात अवघड. चित्र असलं की डोळा तिकडं जातो, चुका झाकल्या जातात. नुसत्या अक्षराच्या पानावर दोन शब्दांमधली जागा कमीजास्त झाली तरी खुपते. आम्ही ओळ जुळवून झाली की स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची हातातली पट्टी, डोळ्यांसमोर धरून बघायचो. शब्दांमधल्या पांढऱ्या फटी एकाखाली एक आल्या तर पानातून ओघळ उतरल्यासारखा दिसतो. मग ओळ मोडायची आणि पुन्हा जुळवायची.

ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचो, लेड म्हणायचो त्यांना. देवनागरीला त्या जास्त लागतात. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, मात्रा. खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. इंग्रजीच्या हिशेबानं ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो. वाचणाऱ्याला कळत नाही काय खुपतंय. तो चार पानं वाचतो आणि अंक बाजूला ठेवतो, परत घेत नाही. आणि दोष मजकुराला लागतो.

करवीरकर, तुमच्या अंकाचा एक लेख मला इथल्याच एका मित्रानं दाखवला होता. मजकूर चांगला होता. ओळी फार दाटीनं लावल्या होत्या.

अक्षरजुळणी
काका, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मी हेच काम आता संगणकावर करते, तर आजच्या भाषेत थोडं पुढं सांगते.

अकरा पॉइंटचं अक्षर घेतलं तर ओळींमधलं अंतर सोळाच्या खाली आणू नका. सतरा दिलंत तर ज्येष्ठ वाचक दुवा देतील. पानं वाढतील म्हणून संपादक घाबरतात, पण दोन लेख कमी घ्या.

आता दोन रकाने. बहुतेक दिवाळी अंकांत दोन बारीक रकाने असतात आणि दोन्ही कडा सरळ केलेल्या असतात. मराठीत शब्द लांब, आणि आपल्या सॉफ्टवेअरांना मराठी शब्द ओळीच्या शेवटी कुठं तोडायचा ते नीट कळत नाही. 'स्वातंत्र्योत्तर' किंवा 'महानगरपालिकेकडून' खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत तीन शब्द ताणून बसवले जातात. काकांनी सांगितलेला तो ओघळ आज प्रत्येक पानावर दिसतो. उपाय दोन: लेखांना एकच रुंद रकाना द्या, किंवा उजवी कड मोकळी सोडा. कथेला एक रकाना, छोट्या टिपणांना दोन, असंही चालतं.

ठळक अक्षर जपून वापरा. देवनागरीत ध, भ, क्ष यांच्या पोटातल्या जागा आधीच लहान. ठळक केल्या आणि शाई थोडी पसरली की बुजतात. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं तर साध्या कागदावर करूच नका, बारीक रेघा शाई खाऊन टाकते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. ल आणि श. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य शासनाच्या २००९च्या वर्णमालेच्या निर्णयातही तीच रूपं आहेत. पण बरेच फॉन्ट हिंदी वळण आधी दाखवतात. फॉन्टमध्ये मराठी रूपं असली तरी मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. आणि इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू नसेल तर जोडाक्षरंच मोडतात. 'दऱ्या'मधला र नीट येतोय का ते प्रूफात मुद्दाम तपासा. आपली अक्षरं आपल्या वळणाची असली की पान घरचं वाटतं, वाचणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी.

'मंगल'मध्ये मात्र अंक लावू नका. र. कृ. जोशींनी तो संगणकाच्या पडद्यासाठी घडवला, तिथं त्यानं मोठं काम केलं. छापायला वेगळं अक्षर लागतं. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' मोफत आहे, अनेक वजनांत आहे, मथळ्यांना चांगला दिसतो. लांब मजकुराला मात्र जाड-बारीक रेघांचं, जुन्या खिळ्यांच्या वळणाचं अक्षर शोधा.

वाचनालयातून
मी ग्रंथालयात काम करते. अंक ठेवणं ही आमची नोकरीच आहे, तेव्हा आमच्या बाजूनं काही.

आपल्या शहरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालय आहे. अशा ठिकाणी मासिकं कशी टिकतात? वर्षाचे अंक एकत्र करून बाइंडर त्यांचा एक खंड बांधतो. बांधताना पाठीकडून शिवण किंवा खिळे जातात आणि बाकी तीन बाजू मशीनवर कापून सारख्या केल्या जातात. आता विचार करा, पानाचा आकडा अगदी काठावर छापलाय. तो गेला. लेखकाचं नाव बाहेरच्या कडेला उभं छापलंय. तेही गेलं. आतल्या बाजूला समास अर्धा इंचही नाही, तर ओळीची सुरुवात शिवणीत बुडाली. खंड दोन्ही हातांनी दाबून वाचावा लागतो आणि कणा फुटतो.

दर वर्षी आकार बदलणारे अंक तर एकत्र बांधताच येत नाहीत. एक वर्ष चौकोनी, एक वर्ष लांबट. ते सुटे राहतात आणि सुट्याला पाय फुटतात.

म्हणून अंक काढणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. आकार एकच ठेवा. आतला समास भरपूर द्या, बाहेरचा आणि खालचाही. कण्यावर नाव आणि साल छापा, कारण कपाटात फक्त कणाच दिसतो. अनुक्रमणिका पहिल्या दोन-चार पानांत द्या, जाहिरातींच्या मागे लपवू नका. त्यात नुसतं शीर्षक नको, लेखकाचं नाव आणि एका ओळीत विषय द्या. तीस वर्षांनी एखादी मुलगी प्रबंधासाठी येते आणि म्हणते, "मॅडम, गुऱ्हाळांवर कुणी लिहिलंय का?" तेव्हा त्या एका ओळीमुळे लेख सापडतो. मासिक असेल तर वर्षाच्या शेवटी लेखकवार सूची द्या. लोक ती सूची असलेला अंक हमखास ठेवतात, आणि मग तिच्यासाठी बाकीचे अकराही.

आणि जाहिराती. पूर्वीचे बाइंडर खंड बांधताना कव्हर आणि जाहिरातींची पानं काढून टाकायचे. आज संशोधक नेमकी तीच मागतात. साबण, सायकली, नाटक कंपन्या, तेव्हाचे भाव, सगळं त्यात असतं. त्यामुळे जाहिरातही नीट मांडा.

निपाणीची_सून
माझ्या मुलांनी जे ठेवलंय ते सांगते. 'किशोर'. बालभारती १९७१ पासून काढतंय. माझे लहानपणीचे माहेरी होते, ते मुलांसाठी घेऊन आले. मुलगी अजून शब्द फोडून वाचते, पण चित्रांवर तासभर बसते. 'चांदोबा'तला शंकर यांनी काढलेला विक्रम आणि त्याच्या पाठीवरचा वेताळ तिला वहीत तसाच्या तसा काढायचा असतो.

आणि 'आवाज'ची खिडकीचित्रं! पानाला भोक, त्यातून भलतंच दिसतं, पान उलटलं की चित्र वेगळंच. आमचे सासरे पाहुण्यांना अजून दाखवतात. पडद्यावर ती गंमत येत नाही, पान हातानंच उलटावं लागतं. मुलांच्या पानांत करायला काही तरी द्या. कापायचं, रंगवायचं, दुमडायचं. फक्त त्या पानाच्या मागे कथा छापू नका, नाही तर मूल कापतं आणि आई ओरडते.

उद्यमनगरी
राम राम. उद्यमनगरात बाइंडिंगचा धंदा आहे, वडिलांपासून. वाचनालयातल्या ताईंनी आमची कामं बरोबर सांगितली.

मालक लोक काय करत्यात, कागदाला पैसे, कव्हरला पैसे, लॅमिनेशनला पैसे, आणि बांधणी म्हटलं की "बघा की, कमीत करा". अंक सगळ्यात आधी बांधणीतच मरतो ओ.

सेंटर पिन, म्हणजे अंक मधोमध दुमडून घडीवर तारेची पिन मारायची: पानं थोडी असतील तर सगळ्यात चांगली. सपाट उघडतो, आतला समास खात नाही. पण तार चांगली घ्यायला लावा. आपल्याकडं पावसाळ्यात हवा ओली, हलकी तार गंजती आणि गंजाभोवतीचा कागद तांबडा होऊन कुजतो. जुने अंक उघडून बघा, पानं पिनेपाशीच सुटलेली असत्यात. पानं फार झाली तर सेंटर पिन नको, मधली पानं बाहेर सरकत्यात आणि कटिंगमध्ये त्यांचा समास जातो.

परफेक्ट बाइंडिंग: दिवाळी अंकाला आता सगळे हेच करत्यात. पाठ घासून गरम गोंद लावायचा आणि कव्हर चिकटवायचं. दिसायला छान, कणा चौकोनी, त्यावर नाव छापता येतं. पण साधा गोंद जुना झाला की कडक होतो. मग कुणी अंक ताणून उघडला की कट्ट आवाज येतो आणि पानं हातात. आर्ट पेपरवर तर गोंद धरतच नाही नीट, कागद गुळगुळीत असतो म्हणून. पीयूआर गोंद लवचीक राहतो, महाग पडतो, आणि सगळ्यांकडं मशीन नाही.

शिलाई: सोळा पानी फर्मे, म्हणजे एका मोठ्या शीटवर छापून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, दोऱ्यानं शिवायचे, मग पाठीला गोंद आणि कव्हर. वेळ लागतो, पण अंक सपाट उघडतो आणि पान सुटत नाही. प्रती हजाराच्या आत असतील तर जमतंय. मी जमवून दिलंय लोकांना.

कव्हरला एका बाजूनं प्लॅस्टिकचं लॅमिनेशन केलं की पावसाळ्यात कव्हर वळतं. आतली बाजू ओल पिते, बाहेरची पीत नाही. पातळ कव्हरला हे जास्त होतंय. जाड कार्ड घ्या, नाही तर लॅमिनेशन सोडून द्या. हात लागून कव्हर थोडं मळलं तरी चालतंय.

पंचगंगाकाठ
कागदाबद्दल बोलायचा अधिकार आम्हा पुरातल्या लोकांना आहे असं मी मानते. शाहूपुरी कुंभार गल्ली. २०१९च्या ऑगस्टात घरात पाणी, २०२१च्या जुलैत पुन्हा.

पाणी ओसरल्यावर खालच्या कप्प्यातलं सगळं अंगणात मांडलं. जुने, साध्या कागदावरचे अंक फुगले, डागाळले, वाकडेतिकडे झाले. पण पानं सुटी झाली. आज वाचता येतात. चकचकीत आर्ट पेपरवर छापलेले, फोटोंनी भरलेले अंक मात्र सुकले आणि एकसंध ठोकळा झाले. त्या कागदावर चिनी मातीचा थर असतो, तो भिजला की चिकट होतो आणि सुकताना पान पानाला धरून बसतो. नंतर सोडवायला गेलं की छपाईच निघून येते. ओले असतानाच पानं सुटी केली असती तर काही वाचले असते, पण तेव्हा घरात कुणाला अंकांकडे बघायला वेळ होता?

म्हणून माझं मत साध्या, बिनचकाकीच्या कागदाला. त्यावर पेन्सिलीनं लिहिताही येतं. आमच्या आईच्या ठेवलेल्या अंकांत पाककृतीच्या कडेला तिनं लिहिलंय, "गूळ कमी", "आंबेमोहोराला पाणी बेतानं". तो समास रुंद होता म्हणून ते उरलंय. चकचकीत पानावर ट्यूबलाइटचं तेवढं प्रतिबिंब दिसतं आणि शाई पुसली जाते.

वर्तमानपत्री कागद मात्र नको. लाकडाचा लगदा तसाच वापरलेला असतो, त्यातल्या लिग्निनमुळे कागद पिवळा पडतो आणि शेवटी कडकडीत होऊन तुटतो. आमच्याकडच्या काही साप्ताहिकांची पानं आता दुमडली की तुकडा हातात येतो.

गडहिंग्लजकर
आजोबांचे अंक काढून बघितले. काकांनी सांगितल्यावर ओळींकडे लक्ष गेलं. मोकळ्या आहेत. समासात आजोबांच्या खुणा आहेत, काही ठिकाणी "हे खोटं आहे" असंही लिहिलंय. मजकूर आधी, हे माझं म्हणणं कायम आहे. पण तो मजकूर माझ्यापर्यंत पोचला त्यात कागदाचा आणि शिवणीचा वाटा आहे, हे मान्य करतो.

एक प्रश्न मात्र उरतो. फोटो असतील तर? साध्या कागदावर फोटो मेल्यासारखे दिसतात. कुस्तीच्या तालमींवर लेख असेल आणि फोटो धूसर असतील तर काय उपयोग?

रेषाप्रेमी
फोटो वेगळे काढा. सगळे रंगीत फोटो एका फर्म्यात गोळा करा, तो एकच फर्मा मॅट आर्ट पेपरवर छापा आणि मधे शिवा. चार रंगांचा खर्चही त्या एकाच फर्म्यापुरता राहतो. बाकी अंक एका रंगात, आणि चित्रं रेषेची. शाईची काळी रेघ साध्या कागदावर जितकी सुंदर येते तितकी दुसऱ्या कशावर येत नाही. तालमीचं म्हणाल तर तांबड्या मातीतल्या पैलवानांची रेखाटनं करून घ्या, फोटोपेक्षा लोक ती जपतील.

खिळेजुळारी
आणि साध्या कागदावर फोटो छापायचाच असेल तर छापखान्याला कागद कुठला आहे ते आधी सांगा आणि त्या हिशेबानं फोटो उजळ करून द्या. साधा कागद शाई पितो, ठिपका पसरतो, गडद भाग आणखी गडद होतो. पडद्यावर बरोबर दिसणारा फोटो छापून काळा येतो तो त्यामुळं.

करवीरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही सगळे बसलो, हा धागा मोठ्यानं वाचला, आणि बरंच ठरलं.

आकार क्राउन पाव या ठरलेल्या मापाचा, आणि तो आता बदलायचा नाही. आतला कागद सत्तर जीएसएम वजनाचा मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, नॅचरल शेड. एक फर्मा मॅट आर्टचा, त्यात तालमी आणि जुन्या वाड्यांचे फोटो. शिलाई करायची. त्यासाठी लॅमिनेशन, कव्हरवरची सोनेरी छपाई आणि पाच लेख कमी केले. लेख कमी करताना भांडण झालं, पण राहिलेल्या लेखांना रुंद रकाना आणि मोकळ्या ओळी मिळाल्यावर भांडणारेच म्हणाले की आता वाचवतंय.

मुखपृष्ठासाठी एका तरुण चित्रकार मुलीला विचारलंय. जोतिबाची चैत्र यात्रा, सासनकाठ्या आणि गर्दी असं काहीतरी तिच्या डोक्यात आहे, गर्दीत बघत बसावं असं. वर फक्त नाव आणि साल.

जाहिरातींचं अवघड गेलं. साखर कारखाना, पतसंस्था, सगळ्यांच्या शुभेच्छा, आणि प्रत्येकाला अध्यक्षांचा फोटो लेखाच्या समोर हवा. आम्ही सगळ्यांना सांगितलं की जाहिराती शेवटच्या दोन फर्म्यांत एकत्र येतील, पण प्रत्येक जाहिरात आम्ही स्वतः नीट मांडून देऊ, सुवाच्य अक्षरात, आणि संस्था कधी सुरू झाली, काय करते ते दोन ओळींत लिहू. वाचनालयातल्या ताईंनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. दोघांनी जाहिरात काढून घेतली. बाकीचे तयार झाले, आणि एका दुकानदारानं आजोबांच्या काळचं जुनं बिलबुक आणून दिलं, त्यावरची नक्षी जाहिरातीत वापरा म्हणून.

उद्यमनगरीदादा, एक विचारायचंय. शिलाई करूनही मागच्या एका अंकाची पानं ताठ राहिली होती. उघडा ठेवला की आपोआप मिटायचा. ते कशामुळं?

उद्यमनगरी
ते ग्रेनमुळं. कागद बनताना त्याच्यातले तंतू एका दिशेला बसत्यात. ती दिशा कण्याला समांतर पाहिजे, वरून खाली. आडवी आली की पान वळत नाही, आणि पावसाळ्यात कण्यापाशी लाटा येत्यात. क्राउन पावला सोळा पानी फर्मा कुठल्या शीटवर बसतोय आणि त्या शीटचा ग्रेन कुठल्या बाजूचा आहे ते कागद घेतानाच दुकानदाराला विचारा. छापून झाल्यावर कुणाच्या बापाला बदलता येत नाही. खात्री नसेल तर कागदाचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दुमडून बघा, ज्या बाजूनं सरळ, न तुटता दुमडतो तो ग्रेन.

कागद घ्यायला जाताना मला सांगा, येतो मी सोबत. आणि कोऱ्या कागदाची एक डमी आधी शिवून घेऊ, म्हणजे कण्याची जाडी कळेल आणि अक्षरजुळणी ताईंना त्यावर नाव किती मोठं बसवायचं तेही.

अक्षरजुळणी
डमी झाली की कण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून इथं टाका. कव्हरची फाइल मी त्यावरूनच लावीन.